सिस्टर आणि पहिली तडतड

सिस्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मी सांगतो. पांढरे कपडे, हळू आवाज, कपाळावर गार हात. त्यात ही सिस्टर रिटायर झालेली, बिनलग्नाची, भिंगारला आमच्या गल्लीत एकटी राहायची असं मी म्हणालो, की तुम्ही रुमाल काढणार. काढू नका. ती शेवटी मरत बिरत नाही. मी 'होती', 'करायची' असं लिहितोय ते ती नाशिकला गेली म्हणून, वर गेली म्हणून नाही. आणि आवाज हळू? तिनं नुसतं "कोण रे ते?" म्हटलं की गल्लीतली कुत्री शेपूट घालून कॅन्टोन्मेंटची हद्द ओलांडायची.

तिला तोंडावर 'तुम्ही' आणि पाठीमागं 'ती' म्हणायची आमच्याकडं पद्धत. अर्ध्या भिंगारला तिनं लहानपणी सुई टोचलेली, त्यामुळं पाठीमागंसुद्धा लोक जरा इकडंतिकडं बघूनच 'ती' म्हणायचे. कुणाच्या घरी गेली आणि पुढं कॉफी आली, की ती आधी कप नाकाशी न्यायची. मग तसाच खाली ठेवायची.

"हे काय आहे?"

"कॉफी आहे, सिस्टर."

"कॉफी कधीच गेली. हा तिचा पंचनामा आहे."

घरातली बाई लाल, तिचा नवरा काळानिळा, आणि सिस्टर निवांत बिस्किट खातेय. मी हा सीन आमच्या युवक संघाच्या कार्यक्रमात इतक्या वेळा करून दाखवलाय की पहिला शब्द काढायच्या आत लोक हसतात. मी लग्नांत, वाढदिवसांत माईकवर बोलायचं काम करतो. नकला हा माझा धंदा आहे. पण आज मी हसवायला बसलेलो नाही. आज मी चिडलोय. कुणावर, ते येईलच.

सिस्टर नर्सिंग शिकली तिकडं खाली कर्नाटकात, आणि मग चिकमगळूरच्या डोंगरात कॉफीच्या मळ्यावरच्या दवाखान्यात तिनं तरुणपण काढलं. आई थकली तेव्हा ती भिंगारला परत आली, इथल्या दवाखान्यात लागली, आणि येताना एक जाड लोखंडी कढई घेऊन आली. ओळखीचा एक मळेवाला तिला दरवर्षी ट्रान्सपोर्टनं हिरव्या बियांचं पोतं पाठवायचा. पहिल्यांदा त्या बिया बघून माझी आई म्हणाली होती, "सिस्टर, तुमचे शेंगदाणे खराब झालेत." त्यानंतर पूर्ण एक आठवडा सिस्टर आमच्या आईशी बोलली नाही. आठव्या दिवशी स्वतःच आली, ओट्यावर मूठभर बिया पसरल्या आणि आईला म्हणाली, "बस इथं."

मीही बसलो. शाळेत मला इतकं कुणी शिकवलं नव्हतं.

"ही लांबट, मधली रेघ वाकडी. ही अरेबिका. हिला उंच डोंगर लागतो, डोक्यावर झाडाची सावली लागते, जरा ऊन लागलं की आजारी पडते. तुमच्या कॅम्पातल्या साहेबांच्या बायकांसारखी. वास मात्र असा, की मेलेला उठून बसेल. आणि ही गोल, रेघ सरळ. रोबस्टा. खालच्या रानात, कसल्याही मातीत येते. कीड लागत नाही, लाड लागत नाहीत. कडू आहे, पण अंगात ताकद आहे. आपण नगरची माणसं रोबस्टा."

"आणि ही सिस्टर?" मी एक बारकी, गोटीसारखी गोल बी उचलली.

"ती पीबेरी. कॉफीच्या फळात दोन बिया असतात, तोंडाला तोंड लावून. म्हणून त्या एका बाजूनं चपट्या. एखाद्या फळात एकच बी धरते. तिला दाबायला कुणी नसतं, म्हणून ती गोल होते." मग माझ्या आईकडं न बघता म्हणाली, "मी पीबेरी आहे."

आईला त्यातलं काय कळलं माहीत नाही, पण त्या दिवसापासून आई तिच्याकडं रविवारची भाजी पाठवायला लागली.

तिच्याकडं एक गोष्ट होती, ती दरवेळी नवीन असल्यासारखी सांगायची. आपल्याकडं कॉफी आणली ती एका फकिरानं. हजहून येताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरावर पेरल्या. बिया बाहेर न्यायला तिकडं बंदी होती. "म्हणजे चोरीच की, सिस्टर," मी म्हणायचो. ती म्हणायची, "चोरीच. पण देवानं त्या दिवशी तोंड फिरवलं. कशासाठी चोरलं ते बघतो तो." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

भाजायचा दिवस हा गल्लीतला कर्फ्यू. सिस्टर अंगणात शेगडी पेटवायची, कढई ठेवायची आणि बिया टाकायच्या आधी कमरेवर हात ठेवून ओरडायची, "गप्प बसा सगळे!" मग मिक्सर बंद, टीव्ही बंद, पोरं आत. कारण ती डोळ्यानं भाजत नव्हती, कानानं भाजायची. बिया आधी पिवळ्या होतात, तेव्हा वाळक्या गवतासारखा वास येतो. मग तांबूस. मग पहिली तडतड, लाही फुटते तशी, मोठी, मोकळी. ती थांबली की थोडं दमायचं. आणि मग दुसरी सुरू होते, बारीक, घाईची, पाचट पेटल्यासारखी. "दुसरी ऐकू आली की उशीर झाला," ती म्हणायची. "पहिलीच्या आधी उतरवली तर लिंबू पिळल्यासारखी आंबट. दुसरीच्या पुढं गेली तर कोळसा, मग ती चिकमगळूरची काय आणि येमेनची काय, सगळी एकाच चितेतली. या दोघींच्या मध्ये उतरवायची." उतरवली की सुपात घेऊन पाखडायची, सालपटं उडवायची, आणि एक दिवस उघडी ठेवायची. "श्वास घेऊ दे तिला."

मी पहिली तडतड जिभेनं काढायला शिकलो. टाळूवर जीभ आपटून, गाल पोकळ करून. ती शेगडीपाशी असताना मी मागून काढली, तर तिनं खरंच कढई उतरवली. मार खाल्ला. पण दुसऱ्या दिवशी मलाच बोलावलं. "पोपटा, पहिली बरी येते तुझी. दुसरी चुकते. ती कोरडी पाहिजे. परत काढ." असं बसवून तिनं माझ्याकडून दुसरी तडतड घोटून घेतली. मला तेव्हा वाटलं, म्हातारीला करमत नाही.

आता चिडायच्या गोष्टी. लोक काय म्हणायचे ऐका. धुरामुळं वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो म्हणून कुणीतरी कॅन्टोन्मेंटच्या ऑफिसात तक्रार केली. त्याच माणसाच्या पोराला ताप आला की सिस्टर, त्याच माणसाची शुगर बघायला सिस्टर, आणि वास मात्र सिस्टरचा नको. कुणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलंय, दुकानात बाटली मिळते की. माझी आई तिच्या बाजूची, तरी घरात कॉफीला जायफळ घासायचीच. सिस्टरनं एकदा बघितलं. "जायफळ झोपेचं, कॉफी जागं राहायची. दोन्ही एकाच कपात घातली, आता त्या माणसानं करायचं काय?" आई म्हणाली, "सिस्टर, आमच्यात अशीच करतात." सिस्टर म्हणाली, "तुमच्यात अजून उठलेलंच नाही कुणी."

मग नगरला हायवेवर तो कॅफे निघाला. काळ्या पाटीवर खडूनं लिहिलेलं, बिया कुठल्या देशातल्या, कुठल्या डोंगरातल्या. मीच तिला माझ्या गाडीवर मागं बसवून घेऊन गेलो. मला वाटलं, खूश होईल. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती, ईस्टरला नेसायची ती. खुर्ची उंच, तिचे पाय लोंबकळायला लागले. काउंटरवरच्या पोराला तिनं विचारलं, "पाटीवर इथिओपिया लिहिलंय. कॉफीचं माहेरच ते. धुऊन वाळवलेली की फळासकट वाळवलेली?" पोरगं माझ्या वयाचं. त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघून म्हणालं, "ब्रो, आजींसाठी चहा पण आहे आपल्याकडं."

पंचनामा नाही, ओरडणं नाही. सिस्टर खुर्चीवरून हळूच उतरली आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली. येताना सगळ्या रस्त्यात ती एक शब्द बोलली नाही. मला त्या पोराचा राग आजही येतो. अरे, ती तुला चार तास फुकट शिकवायला तयार होती. इथिओपिया लिहायला खडू पुरतो, बोलायला माणूस लागतं.

पण तिची खरी कॉफी वर्षातून एकदाच असायची. ईस्टरच्या पहाटे आमच्या चर्चची सगळी मंडळी कबरस्तानात जाते. कबरी आदल्या दिवशी चुन्यानं रंगवलेल्या, वर फुलं, मेणबत्त्या, आणि उजाडता उजाडता पुनरुत्थानाची गाणी. उपवासाचे दिवस नुकतेच संपलेले, पोटात काही नाही, म्हाताऱ्यांना चक्कर येते. सिस्टर भिंगारला परत आली त्या पहिल्याच ईस्टरला एक आजोबा गाण्याच्या मध्येच कबरीवर बसले आणि उठेनात. सिस्टर घरी पळाली, पातेलंभर कॉफी घेऊन आली. आजोबा उठले. सोबत बाकीच्यांनीही प्यायली. तेव्हापासून ईस्टरची कॉफी सिस्टरची. भाजणं तिचं, दळणं तिचं, आणि गाळायची पिशवी तिच्या जुन्या युनिफॉर्मच्या कापडाची. दूध बेतानंच. "दूध पाहुण्यासारखं यावं, घरजावयासारखं नाही." आणि प्रत्येकाच्या हातात कप देताना एकच वाक्य. "येशू उठलाय, तुम्ही पण उठा."

तिच्या कॉफीचा कप अर्धा ठेवायची कुणाची छाती नव्हती. आमची मंडळी ती कडू म्हणून तोंड वाकडं करत प्यायची. पण प्यायची. आणि त्या दिवशी तिच्या आईच्या कबरीपाशी पहिला कप ती स्वतः ठेवायची. ते मात्र काही न बोलता.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर न्हाणीत पडली. खुब्याचं हाड. नाशिकहून भाची आली, म्हणाली, आता आत्याला एकटं ठेवता येणार नाही. टेम्पो आला. कपाट, पलंग, बायबल, भांडी, सगळं चढलं. तुळशीसारखी वाढवलेली कॉफीची दोन रोपंही कुंडीसकट चढली, जी नगरच्या उन्हात कधी फळली नाहीत. सिस्टर व्हीलचेअरवर बसून कुठली वस्तू कुठं ठेवायची ते ओरडून सांगत होती. कढई, गाळायची पिशवी आणि उरलेलं पोतं तिनं बाजूला काढायला लावलं.

"हे पोपटाकडं ठेवा."

"सिस्टर, राहू द्या, टेम्पोत जागा आहे," मी म्हणालो.

"टेम्पोत आहे. भाचीकडं जागा नाही." आणि मला म्हणाली, "बघतोस काय? उचल."

मी उचलली. ती गेली. मी टेम्पोच्या मागं हात हलवत तिचीच नक्कल केली, "गप्प बसा सगळे!" गल्ली हसली. नंतर कुणी हसलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मला आमची गल्ली खरंच गप्प वाटली.

ती दर रविवारी फोन करायची. भाचीकडचं जेवण, भाचीचा डॉक्टर, सगळ्यांना शिव्या झाल्या की शेवटी हळूच, "ईस्टरच्या कॉफीचं काय ठरलं रे?" मी म्हणायचो, "अजून वेळ आहे, सिस्टर."

ठरलं होतं. एका रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरीसाहेब उभे राहिले आणि नाकातून बोलले, कारण साहेब महत्त्वाचं असलं की नाकातूनच बोलतात. "बंधुभगिनींनो, यंदा आधुनिक व्यवस्था केलेली आहे. फेसाची कॉफी. मशीनची. सिस्टरला त्रास नको, आपल्यालाही नको." आपल्यालाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! देवळात! ज्या बाईनं यांच्या पोरांची नाळ कापली, तिची कॉफी सुटली म्हणून. फेसाची कॉफी म्हणजे कुठली ते तुम्हाला माहितीये, लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात ते मशीन फुसफुसतं, कपभर फेस आणि वर बूटपॉलिशच्या रंगाची पावडर. मी रोज लग्नांत असतो, मी ती पितो. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण कबरस्तानात, तिच्या आईच्या कबरीपाशी ते फुसफुसणार?

पुढच्या रविवारी तिनं परत विचारलं. मी परत म्हणालो, वेळ आहे. ती म्हणाली, "पोपटा, तू खोटं बोललास की तुझा स्वतःचा आवाज येतो." आणि फोन ठेवला.

मग मी ते केलं. मशीनवाला बाळू मंडपवाला, माझ्या ओळखीचा. दुपारी मी त्याला फोन लावला, वेगळ्या नंबरवरून, आणि कमरेवर हात ठेवले. कमरेवर हात ठेवल्याशिवाय तो आवाज लागत नाही.

"बाळू! सिस्टर बोलतेय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उभा राहिला तो. "न... नमस्कार सिस्टर. तब्येत कशी हाय?"

"माझी राहू दे. ईस्टरला कबरस्तानात मशीन घेऊन येणार म्हणे तू?"

"सेक्रेटरीसायबांनी सांगितलं, मी काय..."

"तुला सुई कुणी टोचली होती? सेक्रेटरीनं?"

"न्हाई, तुमीच."

"आणि तू कुणाचा हात चावला होतास?"

"तुमचा. न्हाई आनत सिस्टर. शप्पथ न्हाई आनत. मशीन बिघडलं म्हनून सांगतो."

मला वाटलं, देवानं तोंड फिरवलं. फकिरानं बिया चोरल्या, मी आवाज चोरला. बाळूनं सेक्रेटरीला कळवलं तेव्हा शुक्रवार उजाडला होता, म्हणजे उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे. लग्नसराईत दोन दिवसांवर कुठलाच मंडपवाला मिळत नाही. साहेब आमच्या दारात आले, नाकाऐवजी तोंडातून बोलत. "अरे, ते पोतं तुझ्याकडं आहे ना? काहीतरी कर."

मी म्हणालो, "सिस्टरला आणि आपल्याला त्रास नको ना, साहेब?" आईनं मागून चिमटा काढला.

चर्चमधली भक्ती आटपून आल्यावर मी शेगडी पेटवली, कढई चढवली. कमरेवर हात ठेवून ओरडलो, "गप्प बसा सगळे!" आवाज तंतोतंत. गल्ली क्षणभर गप्प झाली. मग खो खो हसली, आणि शेजारणीनं मिक्सर लावला. त्या घरघरीत मला पहिली तडतड ऐकू आली, दुसरी कधी सुरू झाली कळलंच नाही. मूठभर कोळसा. परत टाकल्या, परत कोळसा. आई म्हणाली, "असा मूठमूठ जाळत बसलास तर ईस्टर जाऊन नाताळ येईल. बाजारात फुटाण्याची भट्टी आहे की. घटकेत भाजून देतो तो."

मला ते एकदम पटलं. भट्टी म्हणजे भाजायचीच जागा. शनिवारी सकाळी बाजार करून, दुपारच्या सुमाराला पोत्यातल्या अर्ध्या बिया घेऊन गेलो.

भट्टीवाले मामा बी हातात घेऊन बघत बसले. "काय हाय हे? वाटाना?"

"कॉफी, मामा."

"कापी? कापी अशी असती व्हय? मला वाटलं बाटलीतच जन्मती."

"वाळू स्वच्छ आहे ना? वास लागता कामा नये."

"आज सकाळीच बदलली. नदीची, नवीकोरी."

खरं बोलले मामा. वाळू सकाळीच बदललेली होती. फक्त सकाळपासून दुपारपर्यंत तिच्यात हळद-मिठाचे फुटाणे भाजत होते, हे त्यांना सांगायचं सुचलं नाही आणि मला विचारायचं. वर चारी बाजूंनी फुटाणे फुटत होते, तडतड नुसती, पहिली कुठली, दुसरी कुठली. सिस्टरनं माझ्याकडून दोन्ही तडतडी घोटून घेतल्या होत्या, आणि मी त्या ऐकायला अशा ठिकाणी गेलो होतो, जिथं दिवसभर तेच ऐकू येतं. मी मामांच्या तोंडाकडं बघून भाजल्या. चाळून निघाल्या तर छान तपकिरी, चकचकीत. तपकिरी रंगावर हळद दिसत नाही. घरी येऊन आईच्या मिक्सरला दळली आणि झाकून ठेवली. श्वास घ्यायला वेळ होता कुठं?

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात पातेल्यावर ती पांढरी पिशवी बांधली, उकळतं पाणी ओतलं. पिशवी पिवळी झाली. मला वाटलं, मेणबत्तीचा उजेड. दूध घातलं तर कॉफी अशी दिसायला लागली, जसं सर्दी झाल्यावर आजी हळदीचं दूध देते. मी चमचाभर चाखली. खारट.

पण गाणं संपत आलं होतं. लोक वळायला लागले होते. परत ओतणार कुठं, कबरीवर? मी पहिला कप सिस्टरच्या आईच्या कबरीपाशी ठेवला, मनात माफी मागितली, आणि वाटायला सुरुवात केली. "येशू उठलाय, तुम्ही पण उठा." हे मी माझ्याच आवाजात म्हणालो. तिचा लागेना.

लोकांनी पहिला घोट घेतला, तोंडं वाकडी झाली, आणि, काय सांगू तुम्हाला, सगळ्यांनी कप रिकामे केले. सवय! ईस्टरची कॉफी वाईटच असते आणि ती संपवायचीच असते, एवढंच यांना इतक्या वर्षांत कळलेलं. एक आजी म्हणाली, "घशाला बरी हाय यंदाची." आणि सेक्रेटरीसाहेब, नाक परत जागेवर आलेलं, कप उंच धरून चारचौघांत म्हणाले, "वा! हीच ती सिस्टरची चव. मी पहिल्या घोटात ओळखली."

ओळखली! तिनं डोंगरावरच्या बिया मागवून, गल्ली गप्प करून, पहिलीच्या आणि दुसरीच्या मध्ये उतरवून वर्षानुवर्षं जी पाजली, ती आणि हळद-मिठाची फुटाणा कॉफी या माणसाला एकच. मला त्याच्या डोक्यावर पातेलं ओतायचं होतं. माझ्या जागी ती असती तर... ती असती तर काय म्हणाली असती ते मला पाठ आहे, पण कबरस्तानात म्हणता येत नाही.

फोन दुपारी आला. मी घरात कुणी नाही बघून उचलला.

"पोपटा."

"बोला सिस्टर. ख्रिस्त उठला आहे."

"तो उठला. तू बस. बाळासाहेबाचा फोन आला होता. म्हणतो, तुम्ही सांगितलं तसं मशीन आणलं नाही, आता तरी त्या चाव्याबद्दल माफ करा. मी त्याला कधी सांगितलं?"

मी बसलो.

"त्याला बाळू म्हणालास ना? मी त्याला जन्मात बाळू म्हटलेलं नाही. बाळासाहेब म्हणते. त्याच्या आईनं ठेवलंय ते नाव. आवाज काढायचा तर नीट काढ, नाहीतर स्वतःच्या तोंडानं बोल. बरं, कॉफी कशी झाली?"

"सगळ्यांनी संपवली."

"ते संपवतातच. रंग?"

"जरा पिवळसर."

मग मी सगळं सांगून टाकलं. मिक्सर, कोळसा, भट्टी, वाळू, पिशवी. सेक्रेटरीची पहिल्या घोटाची ओळखसुद्धा. इतका वेळ ती एक शब्द बोलली नाही, की मला तो कॅफेतून परत येतानाचा रस्ता आठवला. मी म्हणालो, "सिस्टर, तो फकीर पण चोरच होता ना..."

"फकिरानं बिया आणून पेरल्या!" ती असली कडाडली की मी फोन कानापासून लांब धरला. "त्यांना हळद नाही लावली! फुटाण्याच्या भट्टीवर नेतोस? चिकमगळूरची बी? माझ्या आईपुढं खारट कप ठेवलास? त्या सेक्रेटरीला जीभ नाही हे मला माहितीये, मीच तपासलीय ती, पण तुला तर कान दिले होते ना? दोन्ही तडतडी घोटून घेतल्या तुझ्याकडून! त्या काय लग्नात लोकांना हसवायला? आणि कढई? कढई कुठंय?"

"घरी आहे. आईनं चिंच लावून घासून ठेवलीय, अगदी चकाचक..."

"घासली? अरे गाढवा, ती कढई घासायची नसते! इतक्या वर्षांचं बियांचं तेल बसलंय तिच्यात! आता परत पहिल्यापासून सुरू कर. रोज मूठभर, रोज, पुढचा ईस्टर येईपर्यंत, आणि कोळसा झाला की मला फोन करून सांगायचं. शेजारणीला म्हणावं मिक्सर बंद ठेव. माझ्या आवाजात नाही, तुझ्या. ऐकत नसेल तर ऐकेपर्यंत म्हणावं." दम लागला तिला. मी म्हटलं, सिस्टर, हळू, डॉक्टरांनी सांगितलंय ना. "डॉक्टर गेला खड्ड्यात. मला एवढं सांग, भाचीकडं जागा नाही हे तुला खरं वाटलं? चार खोल्यांचं घर आहे तिचं! कढई काय मी जागा नव्हती म्हणून तुझ्याकडं ठेवली होती?"